गिधाडांचा ऱ्हास, त्यांची निपज व गोठेवाल्यांचें कर्तव्य

आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडील ज्या वाचकांनीं वयाचीं पन्नास वर्षें ओलांडलीं आहेत, त्यांस एक देखावा खास आठवत असेल. गोठ्यांतलें एखादें ढोर मेलें म्हणजे तें गांवाबाहेर सड्यावर नेऊन टाकीत. कातडें काढून माणसें परतलीं न परतलीं तोंच आकाशांत घिरट्या सुरू होत, आणि थोड्याच वेळांत गिधाडांचा थवा खालीं उतरे. तासाभरांत तेथें हाडांच्या सांगाड्याशिवाय कांहीं उरत नसे. घाण नाहीं, दुर्गंधी नाहीं, आणि शेतकऱ्यास पैचा खर्च नाहीं.

आज तेंच ढोर सड्यावर टाकून पाहावें. दिवस दिवस तें कुजत पडतें, भोंवतीं कुत्र्यांची टोळी जमते, आणि वारा फिरला कीं वाडींत बसवत नाहीं. गिधाड आपल्या जिल्ह्यांत आतां क्वचितच दृष्टीस पडतें. हा पक्षी कोठें गेला, कशानें गेला, त्यास परत आणण्याचे काय प्रयत्न चालले आहेत, आणि त्या प्रयत्नांचा आपल्या गोठ्याशीं काय संबंध आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. संबंध फार निकटचा आहे, हें लेख पुरा वाचल्यावर वाचकांच्या ध्यानांत येईल.

गिधाडांच्या जाती

हिंदुस्थानांत गिधाडांच्या अनेक जाती आहेत. पण आपल्या विषयापुरत्या तीन जाती मुख्य होत. पहिली पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची. बैलाचा पुठ्ठा म्हणजे काय हें वाचकांस सांगावयास नको; या पक्ष्याच्या पाठीचा शेपटीकडील भाग पांढरा असतो म्हणून हें नांव. हा उंच झाडावर काटक्यांचें घरटें करतो. कोकणांत आंबा व माड यांसारख्या झाडांवर त्याचीं घरटीं असत. दुसरी जात लांब चोचीच्या गिधाडाची. हा कड्याकपारींत राहणारा असून सह्याद्रीचे उभे कडे हें त्याचें घर. तिसरी, सडपातळ चोचीच्या गिधाडाची जात, हिमालयाच्या पायथ्याकडे व आसामांत आढळते; तिचा आपल्याकडे संबंध नाहीं.

गिधाड शिकार करीत नाहीं. त्याचे पाय जिवंत प्राणी धरण्याजोगे नसतात. मेलेलें जनावर हेंच त्याचें अन्न. त्याच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडक्या मांसांतील बहुतेक रोगजंतूंचा तेथेंच नाश होतो. यास्तव गांवच्या आरोग्याचा हा बिनपगारी रखवालदार होय.

ऱ्हास व त्याचें कारण

सुमारें चाळीस वर्षांपूर्वी पांढऱ्या पुठ्ठ्याचें गिधाड हा जगांतील मोठ्या शिकारी वर्गांतल्या पक्ष्यांमध्यें सर्वांत विपुल पक्षी असावा असें जाणते लोक मानीत. पुढें राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांस घरट्यांची संख्या झपाट्यानें घटत असल्याचें व पक्षी माना टाकून मरत असल्याचें दिसून आलें. ही गोष्ट इ. स. १९९० नंतरच्या दशकांतील. मग देशभर मोजण्या झाल्या. इ. स. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याचीं गिधाडें शेंकडा ९९.९ इतकीं घटलीं, म्हणजे हजारांत एक उरलें. उरलेल्या दोन जाती मिळून शेंकडा सुमारें ९७ घटल्या. इ. स. २०१५ च्या मोजणीवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणें सर्व देशांत पहिल्या जातीचे सुमारें ६,०००, लांब चोचीचे सुमारें १२,००० व सडपातळ चोचीचे सुमारें १,००० पक्षी होते. एवढ्या थोड्या काळांत एवढ्या विपुल पक्ष्याचा असा संहार झाल्याचें उदाहरण विरळा.

प्रथम सांथीचा संशय आला. जंगलतोड व अन्नाचा तुटवडा यांवरहि बोट ठेवण्यांत आलें. पण खरें कारण पाकिस्तानांतील पंजाबांत सांपडलें. डॉ. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेलेलीं गिधाडें चिरून पाहिलीं, तेव्हां त्यांच्या काळजावर, यकृतावर व मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा साका बसलेला आढळला. मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें युरिक आम्ल रक्तांत सांचून तें अवयवांवर बसलें होतें. ही मूत्रपिंडें कशानें बिघडलीं याचा शोध घेतां घेतां ते जनावरांना टोचण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक नांवाच्या औषधापाशीं येऊन पोंचले. हा शोध इ. स. २००४ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनॅक हें सूज उतरविणारें व वेदना शमविणारें औषध. बैल लंगडूं लागला, म्हशीच्या कासेस दगडी झाली, गाय विल्यावर ताप चढला, कीं याची सुई टोचीत. औषध स्वस्त, गुण तत्काळ. त्यामुळें त्याचा प्रसार खेडोपाडीं झाला. जनावर बरें झालें तर कांहीं दिवसांत औषध अंगांतून निघून जातें व कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण सुई टोचल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलें, तर त्याच्या मांसांत, विशेषतः यकृत, मूत्रपिंड व टोचल्याच्या जागीं, औषधाचा अंश राहतो. जें जनावरास औषध, तेंच गिधाडास जहर. गिधाडाच्या वजनाच्या दर किलोमागें मिलिग्रॅमचा पांचवा हिस्सा पोटांत गेला तरी निम्मे पक्षी मरण्यास तो पुरेसा होतो.

येथें वाचकांस अशी शंका येईल कीं, मेलेल्या प्रत्येक जनावरास कांहीं ही सुई टोचलेली नसते. मग सर्व गिधाडें कशीं मेलीं? याचें उत्तर गिधाडाच्या जेवणाच्या रीतींत आहे. एका ढोरावर पंचवीस-पन्नास पक्षी एकदम बसतात. म्हणून एक विषारी ढोर एका पक्ष्यास नव्हे, सबंध पंगतीस मारतें. शास्त्रज्ञांनीं गणित करून दाखविलें आहे कीं, शंभरांत एकाहूनहि कमी ढोरांत हें औषध असलें तरी एवढा ऱ्हास होण्यास तें पुरेसें आहे. प्रत्यक्षांत इ. स. २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशांत तपासलेल्या दर दहा ढोरांत सुमारें एकांत हें औषध आढळलें.

गिधाड गेल्यानें झालेली हानि

गिधाडाचें ताट रिकामें राहत नाहीं; त्यावर कुत्रीं बसतात. पण कुत्र्याच्या जठराची गोष्ट वेगळी. तें रोगजंतु मारीत नाहीं, उलट इकडून तिकडे नेतें. कुत्र्यांची संख्या वाढली म्हणजे पिसाळण्याचें भय वाढतें, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश माणसाप्रमाणें गोठ्यांतल्या जनावरासहि प्राणघातक होतो. शिवाय कुत्र्यांच्या मागें बिबट्या वाडीपर्यंत येतो, आणि तेथें बांधलेलें वासरूं त्याच्या नजरेस पडतें. सडलेला मुडदा पऱ्ह्याच्या वा विहिरीच्या पाण्यांत झिरपतो तो वेगळाच.

या हानीचा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनीं मांडून तो इ. स. २०२४ मध्यें प्रसिद्ध केला आहे. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडें पुष्कळ होतीं, तेथें तीं नाहींशीं झाल्यावर माणसांच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा चाराहून अधिक वाढलें, आणि इ. स. २००० ते २००५ या काळांत देशांत सुमारें पांच लाख अधिक मृत्यु झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सड्यावरचा कुरूप पक्षी गेला, त्याचें एवढें काय, असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

कायद्यानें काय केलें

सरकारनें इ. स. २००६ मध्यें जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक तयार करण्याचे परवाने काढून घेण्याची आज्ञा दिली व इ. स. २००८ मध्यें राजपत्रांत प्रसिद्ध करून जनावरांसाठीं त्याची निपज व विक्री बंद केली. पण माणसांसाठीं तें औषध मिळतच होतें, आणि त्याच्या मोठ्या बाटल्या दुकानांतून आणून जनावरांस टोचण्याचा प्रघात पडला. म्हणून इ. स. २०१५ मध्यें माणसांच्या सुईची बाटली एका वेळच्या ३ मिलिलिटर मात्रेपुरतीच असावी असा निर्बंध घालण्यांत आला. पुढें असें आढळलें कीं, त्याच वर्गांतील आणखी औषधेंहि गिधाडांस घातक आहेत. त्यांपैकीं केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवर इ. स. २०२३ मध्यें आणि निमेसुलाइडवर इ. स. २०२४ च्या अखेरीस, जनावरांच्या उपयोगापुरती, बंदी घालण्यांत आली.

शेतकऱ्याच्या दुखण्यावर उपाय न ठेवतां नुसती बंदी घातली असती तर ती अन्यायाची झाली असती. पण तसें नाहीं. मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस निर्धोक असल्याचें इ. स. २००६ मध्यें सिद्ध झालें, आणि पुढें टोल्फेनॅमिक आम्ल या औषधाविषयींहि तसाच निर्वाळा मिळाला. सूज, ताप व वेदना यांवर हीं दोन्ही औषधें उपयोगी पडतात. मेलॉक्सिकॅम पूर्वी महाग होतें. आतां तें अनेक कारखाने तयार करतात. तेव्हां जनावराचे हाल करा व गिधाड वांचवा, असें कोणी सांगत नाहीं. दोन्ही साधतात.

बंदिस्त जागेंत निपज

रानांतील पक्षी इतके घटले कीं, औषध बंद होईतों जातीच नष्ट होतील असें भय वाटूं लागलें. म्हणून कांहीं पक्षी धरून त्यांची निपज करण्याचें ठरलें. हरियाणांत पिंजोर येथें इ. स. २००१ मध्यें आजारी गिधाडांसाठीं शुश्रूषा-केंद्र निघालें व इ. स. २००४ पासून तेथें निपजीचें काम सुरू झालें. हरियाणाचें वनखातें व मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनीं मिळून तें उभारलें. पुढें बंगालमध्यें राजाभातखावा, आसामांत राणी व मध्यप्रदेशांत भोपाळ येथें तशींच केंद्रें निघालीं.

कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांनीं येथें एक तुलना करून पाहावी. गांवठी कोंबडी एका खेपेस दहा-पंधरा अंडीं घालते, एकवीस दिवसांत पिल्लें काढते, आणि तीं पिल्लें सहा-सात महिन्यांत स्वतः अंड्यावर येतात. गिधाडाची मादी वर्षांतून एकच अंडें घालते. तें नर व मादी आळीपाळीनें पन्नासांहून अधिक दिवस उबवितात. पिल्लू तीन-चार महिने घरट्यांत राहतें, आणि त्यास वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. कोंबड्यांच्या सांथींत गेलेला खुराडा शेतकरी वर्षांत भरून काढतो. गिधाडांचें तसें होत नाहीं.

केंद्रांत पक्षी मोठमोठ्या जाळीच्या घरांत थव्यानें ठेवितात. गिधाड हा थव्याचा पक्षी. एकटें-दुकटें कोंडल्यास तो जोडी करीत नाहीं. जोडी त्यानें आपली आपण निवडावयाची असते. घरांत उंच बैठकी व घरट्यांसाठीं कट्टे केलेले असतात, काटक्या व पाला पुरवितात, आणि आंघोळीस पाणी ठेवितात. माणसांचा वावर अगदीं बेताचा असून पाळत दुरून कॅमेऱ्यानें ठेवितात. अन्न म्हणून बकऱ्यांचें मांस देतात. पण विकत घेतलेल्या बकऱ्या प्रथम कांहीं दिवस केंद्रांतच बांधून ठेवितात, हेतु हा कीं, कोणी औषध टोचलेलें असल्यास तें अंगांतून निघून जावें. ज्या पक्ष्यास औषधानें मारलें, त्याच्या घांसावर इतका पहारा ठेवावा लागतो.

अशा खटपटीनंतर इ. स. २००७ मध्यें पिंजोरला पहिलें पिल्लू अंड्यांतून निघालें, पण तें जगलें नाहीं. पुढच्या वर्षीं पिल्लें वाढून उडूं लागलीं. मग एक युक्ति योजण्यांत आली. जोडीनें घातलेलें पहिलें अंडें लवकर काढून यंत्रांत उबवावयाचें. घरटें रिकामें झालें म्हणजे कित्येक जोड्या कांहीं आठवड्यांनीं दुसरें अंडें घालतात, तें त्यांच्याकडे राहूं द्यावयाचें. अशा रीतीनें एका जोडीकडून वर्षाला दोन पिल्लें मिळूं शकतात. आज सर्व केंद्रें मिळून कित्येक शें पक्षी आहेत.

पण पिंजऱ्यांत पक्षी वाढविणें हें काम निम्मेंच होय. तो रानांत सोडला पाहिजे व तेथें जगला पाहिजे. इ. स. २०२० मध्यें पिंजोर येथें पांढऱ्या पुठ्ठ्याचे पक्षी पाठीवर यंत्र बांधून सोडण्यांत आले. महाराष्ट्रांत जानेवारी २०२४ मध्यें पिंजोरहून वीस पक्षी आणले. लांब चोचीचे दहा पेंच येथें व पांढऱ्या पुठ्ठ्याचे दहा ताडोबा येथें प्रथम जाळीच्या घरांत ठेवून तेथील हवेची संवय झाल्यावर त्याच वर्षीं सोडले. त्यांतील कांहीं पुढें दगावले. एक पक्षी तर हिंडत हिंडत थेट तमिळनाडूंत पोंचला. यावरून गिधाडाचा पल्ला केवढा असतो हें दिसतें. म्हणूनच शास्त्रज्ञ म्हणतात कीं, पक्षी सोडावयाच्या जागेभोंवतीं निदान शंभर किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश घातक औषधांपासून मुक्त असला पाहिजे. शंभर किलोमीटर म्हणजे मालवणपासून घांट ओलांडून पलीकडे देशावर उतरण्याइतकें अंतर. एवढ्या टापूंत गोठे किती असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

एक हिशेब

समजा, एखाद्या टापूंत वयांत आलेलीं चाळीस गिधाडें, म्हणजे वीस जोड्या आहेत. त्यांचीं वीस अंडीं झालीं. त्यांतून बारा पिल्लें उडालीं व पांच वर्षांनीं त्यांतलीं सहा जगून जोडीवर आलीं असें धरूं. इकडे म्हातारपणानें व अपघातानें वर्षास दोन मेलीं. म्हणजे निव्वळ वाढ चार, अर्थात् शेंकडा दहा. आतां एक दिवस त्यांतील वीस पक्षी एका औषध टोचलेल्या ढोरावर बसले व मेले. उरलेल्या विसांची वाढ त्याच दरानें, व्याजावर व्याज धरून चालली तरी पुन्हा चाळीस होण्यास सातांहून अधिक वर्षें लागतील. आणि तेवढ्या काळांत दुसरें असें ढोर पडतां कामा नये. आंकडे उदाहरणादाखल धरले आहेत, पण तात्पर्य खोटें नाहीं. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याची जी गत, तीच या पक्ष्याची; एका दिवसाचा तोटा भरून काढावयास वर्षें लागतात.

कोकणांतील प्रयत्न

आपल्या उत्तरेस रायगड जिल्ह्यांत म्हसळें व श्रीवर्धन या तालुक्यांत पांढऱ्या पुठ्ठ्याचीं गिधाडें कांहीं ठिकाणीं टिकून आहेत. महाडच्या सिस्केप संस्थेनें तेथें ग्रामस्थांस हाताशीं धरून मेलेलीं गुरें गिधाडांस चारण्याचें व घरट्यांवर लक्ष ठेवण्याचें काम चालविलें. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनेंहि या पक्ष्यासाठीं श्रम केले आहेत. या कामाचा अर्थ असा कीं, हरियाणांत कोट्यवधि रुपये खर्चून जें घडवावें लागतें, तें गांवकऱ्यांनीं मनावर घेतल्यास गांवच्या झाडावर फुकट घडूं शकतें. जीं घरटीं अजून आहेत तीं राखणें, हें पिंजऱ्यांतील निपजीहून केव्हांहि स्वस्त व श्रेयस्कर होय.

गोठेवाल्यांनीं काय करावें

१. जनावरास ताप, सूज वा लंगड यांसाठीं सुई टोचावयाची असतां पशुवैद्यास औषधाचें नांव विचारावें. मेलॉक्सिकॅम अथवा टोल्फेनॅमिक आम्ल असल्यास हरकत नाहीं. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, केटोप्रोफेन व निमेसुलाइड हीं चार नांवें गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावीं व तीं निक्षून टाळावीं.

२. माणसांच्या औषधाची बाटली दुकानांतून आणून जनावरास टोचूं नये, व टोचणाऱ्यास टोचूं देऊं नये.

३. गोठ्यांत एक वही ठेवावी. कोणत्या जनावरास कोणत्या दिवशीं कोणतें औषध दिलें, हें तींत टिपावें. जनावर मेल्यावर त्याचें काय करावयाचें, हें ही वही सांगेल.

४. घातक अथवा नांव ठाऊक नसलेलें औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलें, तर तें उघड्यावर न टाकतां सहा फूट खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें. खड्डा विहिरीपासून व पऱ्ह्यापासून दूर असावा.

५. काळपुळीचा संशय असल्यास जनावर चिरूं नये, कातडेंहि काढूं नये. ताबडतोब पशुवैद्यास कळवून त्याच्या सांगण्याप्रमाणें त्याची विल्हेवाट लावावी.

६. बिबट्या वा कुत्रीं मारण्यासाठीं मुडद्यावर विष घालणें हा गुन्हा आहे. शिवाय त्या विषानें गिधाडें प्रथम मरतात.

७. बागेंत गिधाडाचें घरटें असल्यास तें झाड तोडूं नये. घरट्याचा हंगाम साधारणतः हिंवाळ्याच्या आरंभापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत असतो. तेवढ्यांत त्या माडावर पाडेली चढवूं नये. चार नारळ कमी मिळतील, त्याहून अधिक तोटा होणार नाहीं.

८. घरट्यांतून पडलेलें पिल्लू अथवा मान टाकून बसलेला पक्षी आढळल्यास वनखात्यास कळवावें. तें घरीं पाळूं नये. कोंबडीची संवय येथें उपयोगी पडत नाहीं, आणि इ. स. १९७२ च्या वन्य प्राणी संरक्षण कायद्यान्वयें तसें करण्यास बंदीहि आहे.

या आठ गोष्टींपैकीं एकीसहि विशेष खर्च नाहीं. पिंजोरच्या केंद्रांत शास्त्रज्ञ अंड्यामागें अंडें जपत आहेत. पण तेथून सुटलेला पक्षी शेंवटीं कोणाच्या तरी ढोरावर उतरणार. तें ढोर कसल्या औषधानें मेलें, हें शास्त्रज्ञास ठाऊक नसतें, सरकारास ठाऊक नसतें. तें फक्त मालकास ठाऊक असतें. म्हणून या पक्ष्याचा जीव आज खरोखर शेतकऱ्याच्या हातीं आहे. आपल्या वाडवडिलांची घाण ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या मोबदल्याविना काढली, त्याच्यासाठीं सुईचें नांव विचारण्याइतके कष्ट आपण घेऊं, अशी आशा आहे.